४३ सेकंदांचा तुटलेला दुवा

२१ ऑक्टोबर २०१८. दुरुस्तीच्या कामात गिटहबच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. सेवा पूर्ववत व्हायला मात्र २४ तास ११ मिनिटं लागली. डेटाबेस क्लस्टर सांभाळायला शिकणाऱ्याने सुरुवात या प्रसंगापासून करावी, आकृत्या नंतर पाहाव्यात, असं माझं मत.

अशा क्लस्टरमध्ये सहसा एक सर्व्हर मुख्य असतो. नवी नोंद तोच घेतो, बाकीचे तिची प्रत ठेवतात. मुख्य सर्व्हर पडला की उरलेल्यांतून दुसरा नेमतात. त्यासाठी निम्म्याहून जास्त मतं लागतात, म्हणून मतदार ३ किंवा ५ असे विषम ठेवतात. ही अट नसेल, तर दोन सर्व्हर स्वतःलाच मुख्य समजून वेगवेगळ्या नोंदी घेत बसतील.

गिटहबमध्ये बहुमत रीतसर झालं. पश्चिम किनाऱ्यावर नवे मुख्य सर्व्हर नेमले गेले. पण पूर्वेकडच्या शेवटच्या काही सेकंदांतल्या नोंदी तिकडे पोचल्याच नव्हत्या! दुवा जुळला, तेव्हा प्रत्येक बाजूकडे दुसरीकडे नसलेल्या नोंदी होत्या. अभियंत्यांनी वेगापेक्षा माहिती जपणं पसंत केलं (योग्यच केलं) आणि कित्येक टेराबाइटचे बॅकअप परत भरत बसले.

सरावासाठी लॅपटॉपवर ३ आभासी सर्व्हर पुरतात. मुख्य सर्व्हर नुसता बंद करू नका, तो चालू ठेवून त्याचं नेटवर्क तोडा. मेलेला सर्व्हर ओळखणं सोपं; जिवंत असून गप्प बसलेला खरा छळतो. त्याआधी प्रती किती सेकंद मागे आहेत, तेही पाहून ठेवा.