मेकॅनिक्समधला कोणता विषय जास्त अवघड? गच्चीवरची टाकी काय सांगते



मूल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेलं की घरात 'मेकॅनिक्स' हा शब्द वारंवार ऐकू येऊ लागतो. बारावीला फिजिक्समध्ये उत्तम गुण मिळवलेली मुलंही इथे अडकतात. एखाद्याला एटीकेटी लागते आणि मग पालक विचारतात, "सर, पुढचे मेकॅनिक्स याहून अवघड असतात का हो?"

याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. मेकॅनिक्स या नावाखाली मुख्यतः चार विषय येतात आणि प्रत्येकाची अडचण वेगळ्या जातीची आहे. समजून घेण्यासाठी सगळ्यांच्या ओळखीची वस्तू घेऊ : गच्चीवर लोखंडी स्टँडवर ठेवलेली १००० लिटरची पाण्याची टाकी.

१) स्टॅटिक्स (स्थितिशास्त्र)

टाकीतल्या पाण्याचं वस्तुमान १००० किलो, म्हणजे वजन सुमारे ९८१० न्यूटन. स्टँडला चार पाय. सगळं सममित धरलं तर प्रत्येक पायावर साधारण २४५० न्यूटन. गणित म्हणाल तर साधा भागाकार! मग मुलं अडतात कुठे? आकृतीत.

टाकी एकटी काढायची, तिला टेकलेली प्रत्येक वस्तू दूर करायची आणि त्या वस्तूच्या जागी तिचं बल बाणाने दाखवायचं. हीच फ्री बॉडी डायग्रॅम. टाकी स्टँडला खाली दाबते, स्टँड टाकीला वर ढकलतो. आकृती टाकीची असेल तर या दोनांपैकी फक्त दुसरा बाण काढायचा. मुलं दोन्ही काढतात, किंवा एकही काढत नाहीत. बारावीपर्यंत आकृती बहुधा तयार मिळते आणि सीईटीत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. इथे समोर कोरा कागद असतो. सूत्रं मोजकीच, पण काय काढायचं ते स्वतः ठरवावं लागतं.

२) डायनॅमिक्स (गतिशास्त्र)

आता समजा, २० किलोची भरलेली बादली दोराने वर ओढतोय. बादली नुसती लटकत असताना दोरात १९६ न्यूटन ताण असतो. ती एकसारख्या वेगाने वर जात असताना किती? तेवढाच, १९६! वर्गात हा प्रश्न विचारून बघा, बरीच मुलं "जास्त" म्हणतील. ताण वाढतो तो वेग वाढत असताना. त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर तो सुमारे २१६ न्यूटन होतो.

इथली अडचण आपल्या मनातल्या समजुतीशी आहे. 'गती आहे म्हणजे जोर हवाच' असं आपल्याला आतून वाटतं. आर्किमिडीजने तरफेचा नियम सिद्ध केला तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. न्यूटनचे गतीचे नियम प्रसिद्ध झाले १६८७ साली. मधे जवळपास १९०० वर्षं गेली आणि आपण मुलांना हे अंतर एका सत्रात पार करायला सांगतो!

शिवाय एकच उदाहरण तीन वाटांनी सुटतं. त्वरण हवं असेल तर न्यूटनचा नियम, अंतर दिलं असेल तर कार्य-ऊर्जा, वेळ दिली असेल तर आवेग-संवेग. वाट निवडणं हेच इथलं खरं कौशल्य.

३) स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स

स्टॅटिक्स सांगतं पायावर किती भार आला. पाय तो पेलेल का, हे सांगतं स्ट्रेंथ. ५० × ५० × ५ मिमीच्या लोखंडी अँगलचं क्षेत्रफळ सुमारे ४८० चौरस मिमी. २४५० ला ४८० ने भागलं की प्रतिबल येतं सुमारे ५ न्यूटन प्रति चौरस मिमी. साधं पोलाद सुमारे २५० पर्यंत टिकतं. म्हणजे काळजीच नाही? थांबा. प्लास्टिकची पट्टी दोन्ही टोकांनी दाबून बघा. ती चिरडत नाही, मधे बाक येऊन वाकते. उंच, सडपातळ पायांचंही तसंच. लांबी दुप्पट केली की वाकण्याआधी पेलता येणारा भार एकचतुर्थांश होतो.

आणखी एक गंमत. तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही, चार पायांचं स्टूल डुगडुगतं. चार पायांत भार नेमका कसा वाटला जातो, हे सममिती नसेल तर फक्त स्टॅटिक्सने काढताच येत नाही. कोणता पाय किती दबतो हे पाहावं लागतं. म्हणून या विषयात वस्तूच्या 'आत' बघायला शिकावं लागतं, आणि आतलं काही डोळ्यांना दिसत नाही.

४) फ्लुइड मेकॅनिक्स

टाकीच्या तळाशी नळ आहे आणि वर १ मीटर पाणी आहे. घर्षण सोडलं तर पाणी सुमारे ४.४ मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडेल. पाणी अर्ध्यावर आलं की वेग निम्मा होत नाही, सुमारे ३.१ राहतो, कारण वेग उंचीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो.

इथे अडचण अशी की आकृती काढायची तरी कुणाची? पाणी तर वाहून जातं. म्हणून जागेचा एक काल्पनिक तुकडा ठरवायचा आणि त्यात काय आलं, काय गेलं याचा हिशेब ठेवायचा. पाठ केलेलं बर्नूलीचं सूत्र मुलं लांब पाइपलाही तसंच लावतात आणि घर्षण विसरतात. हा विषय मोठ्यांनाही सोपा नाही. प्रवाहाची जी मूळ समीकरणं आहेत, त्यांच्या उत्तरांबद्दलचा एक गणिती प्रश्न २००० साली दहा लाख डॉलरच्या बक्षिसासह जाहीर झाला, तो अजून सुटलेला नाही.

मग जास्त अवघड कोणता?

गणिताच्या दृष्टीने फ्लुइड. समजुतीच्या दृष्टीने डायनॅमिक्स. पण सगळ्यात महाग पडतो तो कच्चा राहिलेला स्टॅटिक्स. बादलीचा दोर, स्टँडचा पाय, पाण्याचा काल्पनिक तुकडा, प्रत्येक ठिकाणी पहिली पायरी तीच : एक भाग वेगळा करा आणि त्यावरची बलं दाखवा. हे जमत नसेल तर पुढच्या वर्षी क्लास बदलून, गाइड बदलून फारसा फरक पडत नाही. ढासळलेली भिंत वरच्या मजल्यावर दिसते, दोष मात्र पायात असतो.

शिक्षकांनी एवढं करावं : आठवड्यातून एक तास फक्त आकृत्यांचा ठेवावा. भिंतीला टेकलेली शिडी, कप्पी, दाराची बिजागरी. उत्तर काढायचंच नाही, फक्त बाण काढायचे, आणि आकृतीला वेगळे गुण द्यायचे.

पालकांनी "किती मार्क पडले?" याऐवजी कधीतरी विचारावं, "आपल्या टाकीच्या स्टँडवर कुठून कुठून जोर येतो, काढून दाखव बरं." तुम्हाला मेकॅनिक्स यायची गरज नाही. प्रत्येक बाणाला फक्त विचारा, "हा जोर कोण लावतंय?" उत्तर आलं तर बाण बरोबर, नाही आलं तर तो बाण खोडायचा. एटीकेटी लागलेल्या मुलाने अभ्यास इथूनच सुरू करावा.