दुपारीच पोहोचा!

पुण्यात २०१० साली सुरू झालेल्या ‘एनएच७ वीकेंडर’ने एकाच मैदानावर अनेक मंच ही पद्धत आपल्याकडे रुजवली. अशा महोत्सवात नवे बँड शोधायचे तर पोस्टरच्या तळाचा बारीक टाइप वाचा. ठळक नावं रात्री वाजतात. बारीक टाइपातली नावं दुपारच्या उन्हात, मोजक्या श्रोत्यांपुढे. त्यांना जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो. गेटवरच्या रांगेत वेळ गेला की दोन-तीन गाणी हुकलीच. छोट्या मंचाशी कठड्याला लागून उभे राहा. ड्रमर स्वतःच झांजा आवळताना दिसेल, गिटारवाला गुडघ्यावर बसून पेडलच्या वायरी जोडत असेल. मला तरी साउंडचेकच्या त्या चार ओळींतच बँडचा कस कळतो.

पुण्याचा ‘ईझी वाँडरलिंग्ज’ आधी ऐकून ठेवा. त्यांचा ‘ॲज रिटन इन द स्टार्स’ अल्बम २०१७चा. बराक ओबामांच्या २०१९च्या आवडत्या गाण्यांत ‘कोल्ड/मेस’ होतं. ते गाणारा प्रतीक कुहाडही छोट्या कार्यक्रमांतूनच पुढे आला.

बँड आवडला तर नाव लगेच फोनमध्ये टिपून ठेवा, संध्याकाळपर्यंत सगळी नावं एकमेकांत मिसळतात. आणि स्टॉलवरून टी-शर्ट नक्की घ्या. स्ट्रीमिंगवर एका गाण्यामागे काही पैसेच सुटतात. टी-शर्टच्या विक्रीतून पुढच्या गावचं रेल्वेचं तिकीट निघतं.