टायरची तीन आयुष्यं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

टायर बदलायला आलेला गाडीवाला दुकानाच्या पायरीवरच विचारतो, ‘जास्त टिकणारा कुठला?’ कंपनी, किंमत, नक्षी या गोष्टी नंतर. पुणे-बंगळुरू रस्त्यावर, साताऱ्याच्या आसपास, टायर आणि अलाइनमेंटच्या कामात माझी पंचवीसएक वर्षं गेली. या काळात जीप आणि ट्रॅक्स मागे पडल्या. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा आल्या, आणि आता तर एसयूव्ही म्हणतात त्या गाड्या गल्लोगल्ली उभ्या दिसतात. प्रश्न मात्र तोच राहिला. कऱ्हाडकडचे एक बागायतदार मला म्हणाले होते, ‘दादा, असा टायर घाला की पोरगं कॉलेजात जाईपर्यंत परत तुमचं तोंड बघायला नको.’ पोरगं तेव्हा पहिलीत होतं.

या गृहस्थांची गाडी वर्षाला जेमतेम सहा हजार किलोमीटर चालायची. घर, मळा, बाजार समिती आणि एखादी पंढरपूरची फेरी. एवढ्या चालण्यावर आठ वर्षांनीही टायरवर नक्षी शिल्लक राहिली असती. पण तो टायर चांगला राहिला असता का? नाही. कारण टायरला एक नव्हे, तीन आयुष्यं असतात. पहिलं नक्षीचं, ते किलोमीटरवर मोजायचं. दुसरं रबराचं, ते वर्षांवर मोजायचं. तिसरं पावसातल्या पकडीचं, आणि ते बहुतेक वेळा पहिल्या दोन्हींच्या आधी संपतं. गिऱ्हाईक विचारतो ते फक्त पहिल्याबद्दल.

नक्षीचं सोपं आहे. नव्या टायरच्या खाचा साधारण आठ मिलिमीटर खोल असतात. खाचांच्या तळाशी अधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. टायर झिजत झिजत त्यांच्या पातळीला आला, की कायद्यानं तो संपला. टायरच्या बाजूवर छोटा त्रिकोण किंवा ‘टी.डब्ल्यू.आय.’ ही अक्षरं दिसतात, त्याच्या सरळ रेषेत हे उंचवटे सापडतात.

रबराचं आयुष्य डोळ्यांना चटकन दिसत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर हळूहळू कडक होत जातं. ते लवकर जुनं होऊ नये म्हणून त्यात काही रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, तेव्हा ती पृष्ठभागाकडे येत राहतात. म्हणजे अंगणात महिनोन्‌महिने उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला बारीक तडे लवकर पडले, तर त्यात नवल नाही. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर तपासून घ्या आणि तयार झाल्यापासून दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी काढून टाका, असा टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असतो. आपलं ऊन पाहता मी सहाव्या वर्षानंतर भरवसा ठेवत नाही. हे माझं मत झालं, पण ते उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या पाहून झालेलं आहे.

आता पावसाचं. एक हिशेब करून पाहा. स्कॉर्पिओच्या टायरची रुंदी २३५ मिलिमीटर. रस्त्यावर दोन मिलिमीटर पाण्याचा थर आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटरनं चालली आहे. म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. गुणाकार केला, तर एकेका पुढच्या टायरला दर सेकंदाला सुमारे दहा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. हंडाभर पाणी, दर सेकंदाला! हे पाणी जाणार कुठून? नक्षीच्या खाचांतून. खाचा उथळ झाल्या की पाणी टायरखालीच राहतं, टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो आणि स्टीअरिंग एकाएकी हलकं लागतं. त्या क्षणी ब्रेक दाबून उपयोग नसतो. म्हणून ज्यांचं जाणंयेणं आंबा, कुंभार्ली, वरंध, ताम्हिणी अशा घाटांतून आहे, त्यांना मी कायद्याच्या १.६ पर्यंत थांबू देत नाही. खाच तीन मिलिमीटरवर आली आणि पावसाळा तोंडावर असला, तर टायर बदला. यात तोटा किती? आठपासून १.६ पर्यंत ६.४ मिलिमीटर वापरायचे, त्यातले १.४ आपण सोडून दिले. म्हणजे टायरच्या किमतीचा पाचवा हिस्सा. पैसे जातात हे खरं आहे. घाटात कठड्याला लागलेली गाडी उचलायला क्रेन बोलवा, मग दर विचारा.

यानंतर ‘ऑल सीझन’चा विषय. अमेरिकेत नाही तर युरोपात असलेली मुलं फोनवर सांगतात, ‘बाबा, ऑल सीझनच घ्या.’ बाबा दुकानात येऊन तेच मागतात. मुलगा त्याच्या जागी बरोबर असतो. तिकडे उन्हाळ्याच्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक होऊन पकड सोडू लागतं, म्हणून हिवाळ्याचे टायर वेगळे ठेवतात. वर्षातून दोनदा टायर बदलायचा खटाटोप नको असलेल्यांसाठी दोन्हींच्या मधला तो ऑल सीझन. त्यावर चिखल आणि बर्फाची ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरं असतात. कडक बर्फाची चाचणी पार केलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असतं. आपल्याकडे वेण्णा तलावाच्या काठी कधीमधी दवबिंदू गोठले की वर्तमानपत्रात फोटो येतो, तेवढाच आपला बर्फ. आपले ऋतू म्हणजे एक ४५ अंशांचा आणि एक धो धो पावसाचा. तेव्हा आपल्याला बारमाही टायर हवा तो उष्णता सोसणारा आणि ओल्या रस्त्यावर धरणारा. बर्फासाठीच्या मऊ रबराचे पैसे इथे मोजू नका.

मग टिकाऊ आणि पावसात धरणारा, असा एकच टायर मिळणार नाही का? अडचण रबरातच आहे. घट्ट रबर हळू झिजतं, पण रस्त्याच्या बारीक खडबडीत ते नीट बसत नाही, आणि ओल्या रस्त्यावर पकड त्या बसण्यातूनच येते. मऊ रबर छान बसतं, पण लवकर घासतं. १९९०नंतरच्या दशकात रबरात काजळीच्या जोडीला सिलिका मोठ्या प्रमाणावर येऊ लागली, त्यानं ही ओढाताण बरीच कमी झाली. संपली मात्र नाही. महागड्या टायरातही काही टिकण्याकडे झुकलेले असतात, काही पकडीकडे.

म्हणून मी गिऱ्हाइकाला उलटा प्रश्न विचारतो: वर्षाला किती चालते? भाड्याची इनोव्हा वर्षाला चाळीस हजार किलोमीटर धावते. तिचे टायर म्हातारे व्हायच्या आत घासून जातात. तिथे टिकाऊ टायरचे जास्तीचे पैसे वसूल होतात. हिशेब किमतीवर करू नका, किलोमीटरवर करा. समजा नऊ हजारांचा टायर पंचेचाळीस हजार चालला आणि बारा हजारांचा साठ हजार, तर दोन्ही किलोमीटरला वीस पैशांनाच पडले. मग त्या दोघांत ओल्यावर कोण चांगलं धरतं, ते बघायचं. उलट ज्याची गाडी वर्षाला सात-आठ हजारच चालते, त्यानं ‘एक लाख किलोमीटर’वाला टायर घेणं म्हणजे न वापरायच्या गोष्टीला पैसे देणं. त्याची नक्षी संपायच्या आधी रबर संपणार. अशा माणसानं डोळे मिटून पकड चांगली असलेला टायर घ्यावा. कऱ्हाडच्या बागायतदारांना मी तेच सांगितलं. ‘म्हणजे परत यायलाच लागणार की!’ म्हणून हसले, पण टायर तोच घेऊन गेले.

आता निवड कशी करायची? टायरच्या बाजूवर बरंच लिहिलेलं असतं. ‘२३५/६५ आर १७’ म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिम १७ इंचांची. त्यापुढे ‘१०४ एच’ असेल, तर १०४ हा वजनाचा आकडा, म्हणजे एका टायरवर ९०० किलो, आणि ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. गाडी इतकी पळवायची कुणाला आहे, असं म्हणून कमी अक्षराचा टायर घेऊ नका. ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो तेही सांगतं. दोन्ही गोष्टी मूळ टायरइतक्या किंवा जास्त असाव्यात, कमी कधीच नको. माप वाढवायचीही हौस असते. २३५च्या जागी २५५ टाकला तर टायरची उंची साडेतीन टक्क्यांनी वाढते. मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी साडेएकशेतीनवर असते, ॲव्हरेज घटतं आणि स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासायची शक्यता असते.

एसयूव्हीच्या टायरांत एच.टी., ए.टी. आणि एम.टी. असे प्रकार आहेत: डांबरी रस्त्याचा, मिश्र आणि चिखलाचा. ए.टी.ची जाडजूड नक्षी दिसायला रुबाबदार, म्हणून तरुण मुलं मागतात. ज्याला रोज उसाच्या फडात किंवा खडीच्या वाटेवर जायचं आहे, त्यानं जरूर घ्यावा. बाकीच्यांना तो आवाज करतो, डिझेल खातो आणि ओल्या डांबरावर एच.टी.इतक्या लवकर थांबत नाही.

काही टायरांवर ‘ट्रेडवेअर’ आणि पुढे ४००, ५०० असा आकडा असतो. ही अमेरिकन सरकारची पद्धत. टेक्सासमधल्या ठरावीक रस्त्यांवर ७,२०० मैल गाड्या चालवून, शंभर गुणांच्या एका प्रमाण टायरशी झिजेची तुलना करतात. म्हणजे ५०० हे किलोमीटर नव्हेत. शिवाय तो आकडा कंपनी स्वतःच लावते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत तो उपयोगी, दोन कंपन्यांत फारसा नाही. त्याच्या शेजारची दोन अक्षरं मला जास्त महत्त्वाची वाटतात. ओल्या रस्त्यावरची पकड ‘ए’ किंवा ‘डबल ए’ असावी, आणि उष्णता सोसण्याची पायरी ‘ए’. ‘सी’ म्हणजे कसाबसा पास. ही अक्षरं सगळ्याच टायरांवर सापडत नाहीत. आय.एस.आय.चं चिन्ह मात्र असलंच पाहिजे. २०२२ साली ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान अटही आपल्या सरकारनं लागू केली, नव्या रचनेच्या टायरांना आधी आणि मग जुन्या रचनेच्या. काहींवर ऊर्जा बचतीचे तारे असतात. ते इंधनाबद्दल बोलतात, टिकण्याबद्दल नाही.

टायर रिमवर चढवण्याआधी तारीख बघा, कारण ती बहुधा एकाच बाजूला असते आणि चढवल्यावर आतल्या अंगाला जाऊ शकते. लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ‘३२२५’ म्हणजे २०२५ सालचा बत्तिसावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला माल मागण्यात काही गैर नाही.

टायर कितीही चांगला घेतला, तरी हवेकडे दुर्लक्ष केलंत तर तो टिकणार नाही. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, टायर फुटणार नाही’, हा समज तर घातकच. हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त दबतात, दबून तापतात आणि तापलेल्या बाजूच फुटतात. चालताना हवेचा दाब चार-पाच पौंडांनी वाढतो, हे गाडी बनवणाऱ्यांनी धरलेलं असतं. तापलेल्या टायरातली हवा काढू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडे लिहिलेले असतात, तेवढी हवा सकाळी गार टायरात भरा. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास १२०नं, तापलेल्या काँक्रीटवरून जाताना याचं मोल कळतं. २०२३मध्ये तिथे काही प्रवेशांवर परिवहन खात्यानं टायर तपासायला सुरुवात केली, ते उगीच नव्हे. नायट्रोजन भरला तर बिघडत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर आठ-दहा हजारांना टायरांची अदलाबदल आणि अलाइनमेंट करा. टायर आतल्या कडेनं खाल्ला असेल, तर नवा टाकण्याआधी अलाइनमेंट करा, नाहीतर नवाही तसाच खाल्ला जाईल.

दोनच टायर बदलायचे असतील, तर नवे मागे टाका. आपल्याकडे ‘नवे पुढे’ अशी पद्धत आहे, ती चुकीची. ओल्या वळणावर पुढचे सटकले तर गाडी सरळ जाऊ पाहते, वेग कमी करून सावरता येतं. मागचे सटकले तर गाडी गिरकी घेते. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीला मात्र चारही एकदम टाकलेले बरे, कारण लहानमोठ्या घेराच्या चाकांचा ताण गिअरवर येतो. जुन्या टायरांतला एक स्टेपनीला ठेवायचा विचार असेल, तर त्याचीही तारीख बघा. आणि बिलावर टायरांचे अनुक्रमांक लिहून घ्या. वॉरंटीचा दावा करताना ते विचारतात, आणि खड्ड्यात आपटून फुगा आलेला टायर त्या वॉरंटीत बसतो की नाही, तेही पैसे देण्याआधीच विचारून ठेवा.