उणे साठ अंशांवरचा ठेका

गिरीज गावच्या वाडीत राबणारा पन्नाशीतला माणूस चार पायऱ्यांत धापा टाकू लागला, की घरचे वयाला बोल लावतात. त्याच्या मनगटावर बोटं ठेवून पाहा. दोन ठोके लगोलग, मग खंड, मग एक जोरकस, मग नुसती भुरभुर. कशाचा कशाशी मेळ नाही.

आपल्याकडे यामागे पुष्कळदा लहानपणचा संधिवातज्वर असतो. त्याने हृदयाची मायट्रल झडप आखडते, मागे रक्त तुंबून वरचा डावा कप्पा फुगतो आणि ताणलेल्या भिंतीत विजेच्या लहरी भरकटतात. कप्पा आकुंचन पावायचं सोडून थरथरत राहतो. याला म्हणतात एट्रियल फिब्रिलेशन. त्या कप्प्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त साकळतं. गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात.

१९८७ मध्ये अमेरिकेत सेंट लुइसला डॉ. जेम्स कॉक्स यांनी यावर ‘मेझ’ शस्त्रक्रिया केली. कप्प्याची भिंत ठरावीक रेषांवर कापायची आणि पुन्हा शिवायची. व्रणातून वीज जात नाही, त्यामुळे पाटाच्या पाण्याला बांध घालावेत तशी लहर नेमक्या वाटेनेच वाहते. उपाय नामी, पण वेळखाऊ आणि रक्तस्रावाचा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. ए. एम. पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी कापण्याऐवजी रेडिओलहरींनी भाजून तेच बांध घातले, तेही संधिवाती झडपांच्या रुग्णांत. त्यांचा शोधनिबंध १९९७ चा आहे. या कामाची आपल्याकडे व्हावी तेवढी चर्चा झाली नाही, असं मला वाटतं.

असे बांध घालण्याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. क्रायोअ‍ॅब्लेशनमध्ये भाजण्याऐवजी गोठवतात. दाबाखालचा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भूल देताना वापरतात तोच वायू, सळईच्या टोकाशी प्रसरण पावतो आणि तापमान उणे साठ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतं. सळई दोन-तीन मिनिटं टेकवली की खालचा स्नायू पांढराफटक, कडक होतो. पेशी मरतात, पण त्यांना धरून ठेवणारे कोलॅजनचे धागे टिकतात. म्हणून झडपेच्या कड्यालगत, जिथे भाजणारा चिमटा नीट पोचत नाही, तिथे थंडी कामी येते. शिवाय झडपेच्या शस्त्रक्रियेत हृदय थांबवून रिकामं केलेलंच असतं. गोठवलेल्या जागेला पुन्हा ऊब द्यायला आत गरम रक्त नसतं.

गुण किती? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत मायट्रल शस्त्रक्रियेचे २६० रुग्ण होते. सहा आणि बारा महिन्यांनी ठेका सुरळीत आढळला तो अ‍ॅब्लेशन केलेल्यांपैकी ६३ टक्क्यांत, न केलेल्यांपैकी २९ टक्क्यांत. मात्र पेसमेकर बसवायची वेळही पहिल्या गटावर जास्त आली. कप्पा फार फुगलेला आणि दुखणं जुनं असेल, तर यशाची आशा कमी. म्हणून झडपेच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरतानाच ‘ठेक्याचं काय?’ हे सर्जनना विचारून घ्यावं. छाती एकदाच उघडायची असते.

झडप बदलून धातूची बसवली, तर मात्र ठेका सुधारूनही रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर सुटत नाही. पालक, शेवग्याचा पाला यांतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरोधात काम करतं. पालेभाजी बंद करायची नाही; प्रमाण आठवडाभर साधारण सारखं ठेवायचं आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी आयएनआर तपासणी चुकवायची नाही.