डावा हात, ६९ विकेट्स

मागच्या भागात जपानच्या बेसबॉलवर बोललो, पण एक गोष्ट घाईत राहून गेली. तिकडे डावखुऱ्या पिचरला एवढा भाव का?

कारण मजेशीर आहे. डावीकडून खेळणारा बॅटर पहिल्या बेसला एक-दोन पावलं जवळ पडतो. म्हणून जपानमध्ये उजव्या हाताने फेकणारी कित्येक पोरंही बॅटिंग डावीकडून करतात. इचिरो, मात्सुई, ओहतानी, तिघंही तसेच. अशा बॅटरपासून बॉल लांब वळवायला डावखुरा पिचरच लागतो.

आता आपल्या विदर्भात या. क्रिकेटमध्ये गणित उलटं आहे, कारण इथे बहुतेक बॅटर उजवे. डावखुऱ्या स्पिनरचा बॉल मधल्या स्टंपवर पडून बाहेर वळतो. सोडला आणि वळलाच नाही तर दांडी गुल, खेळला तर कड लागून स्लिपमध्ये.

रणजीच्या एका सीझनमधल्या विकेट्स बघा. बेदी ६४ (१९७४-७५). बिहारचा आशुतोष अमन ६८ (२०१८-१९). आणि २०२४-२५ मध्ये आपला हर्ष दुबे ६९, म्हणजे रेकॉर्ड! मधे जयदेव उनाडकटच्या ६७ आहेत. तो फास्ट बॉलर, पण हात डावाच.

२०१९ च्या फायनलला नागपुरात आदित्य सरवटेने सौराष्ट्रच्या ११ विकेट्स काढल्या, पुजाराला दोन्ही डावांत उडवलं. २०२५ च्या फायनलला तोच सरवटे केरळकडून आपल्याविरुद्ध उतरला. का बोलाव आता!

अर्थात हात डावा म्हणजे लॉटरी नाही. मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट्स घेतल्या, तरी एकही टेस्ट मिळाली नाही. त्यांच्याच काळात, त्याच जागेवर बेदी होते.

हे सगळं आज का काढलं? आमच्या बोदलकशात माझा पुतण्या आहे, नऊ वर्षांचा, जन्मजात डावखुरा. डाव्या हाताने जेवला की आई त्याच्या हातावर चापट मारते. पोरगं एवढं धास्तावलं, की आता बॉलपण उजव्यानेच टाकतो. तोही वाकडातिकडा. मी आईला म्हटलं, जेवू दे उजव्याने, पण बॉलिंगला तरी सोड. ती म्हणाली, "मी कुठं अडवलं त्याले?"

पोराला फोनवर हर्षची बॉलिंग दाखवली. दोनदा बघितली त्याने. मग विचारलं, "काका, हा जेवते कोणत्या हातानं?"