दोन बोटांचं अंतर

घरचा कराओके : लेखांक ७

मिक्सर आणि एको यांवर या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे. मधल्या काळात आमच्या कळमेश्वरातल्याच एका वाचकाचा फोन आला आणि त्याचा प्रश्न असा निघाला, की तो सोडवल्याशिवाय एकोच्या बटणाला हात लावण्यात अर्थ नाही. तो म्हणाला, "काका, स्पीकर तुम्ही लिहिला होता तसाच घेतला. आता रेकॉर्डिंग स्टुडिओत असते तसा कंडेन्सर माइक आणला. पण आई गायला लागली की शिट्टी मारते. अन् शिट्टी नाही मारली तर नुसता कूलरच ऐकू येते."

गावातलाच माणूस, म्हणून संध्याकाळी माझा डायनॅमिक माइक पिशवीत टाकून त्याच्याकडे गेलो. बारा बाय चौदाचा हॉल. खाली टाइल्स, वर स्लॅब, एका भिंतीला काचेचं कपाट. खिडकीत लोखंडी कूलर पूर्ण वेगात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना कूलर बंद करून गा म्हणणं म्हणजे गाऊच नका म्हणणं. टीव्हीखाली ट्रॉली स्पीकर, त्याच्यासमोर तीन फुटांवर स्टँडवर तो नवाकोरा कंडेन्सर, आणि माइकपासून दोन फूट मागे खुर्चीत बसलेल्या आई. मांडणी पाहूनच अर्धं उत्तर मिळालं.

कंडेन्सरचा कान फार तिखट, म्हणून तो खोलीतलं सगळं ओढून घेतो, असं दुकानात सांगतात. यात अर्धंच तथ्य आहे. कंडेन्सरचा पडदा मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ असतो, त्यावर धातूचा मुलामा असतो आणि त्याच्या मागे गुंडाळीचं ओझं नसतं. त्यामुळे तो बारीक हालचालही टिपतो आणि सिग्नलही जोरकस देतो. डायनॅमिकमध्ये पडद्याला तांब्याच्या तारेची गुंडाळी चिकटवलेली असते, ती चुंबकाच्या फटीत हलते आणि एक-दोन मिलिव्होल्ट तयार करते. पण जोरकस सिग्नल देणारा माइक लावला की आपण व्हॉल्यूम कमी करतो, आणि मग कूलर आणि गाणं दोन्ही सारखेच खाली येतात. तेव्हा माइक किती ऐकतो हा खरा मुद्दा नाही. माइकच्या तोंडाशी गाण्याचा वाटा किती आणि बाकी खोलीचा किती, हा आहे. आणि तो वाटा ठरतो अंतरावर.

हिशोब सोपा आहे. माइक आणि ओठ यांच्यातलं अंतर निम्मं केलं की आवाजाचा दाब साधारण दुप्पट होतो, म्हणजे सहा डेसिबल वाढतो. आई बसल्या होत्या दोन फुटांवर, म्हणजे साठ सेंटिमीटर. ते तीस करा, पंधरा करा, साडेसात करा, पावणेचार करा. चार वेळा निम्मं केलं की आवाज सोळापट, म्हणजे २४ डेसिबलने वर जातो आणि ओठ माइकपासून सुमारे दोन बोटांवर येतात. कूलर मात्र होता तिथेच, सहा फुटांवर. त्याचा वाटा वाढत नाही. स्पीकरमधून परत माइकमध्ये शिरणारा आवाजही वाढत नाही, आणि शिट्टी त्याच फेऱ्यामुळे होते. स्पीकरमधून आलेला आवाज माइकमध्ये, माइकमधून पुन्हा स्पीकरमध्ये, प्रत्येक फेरीत थोडा मोठा होत जातो. माणूस जवळ आला की व्हॉल्यूम खाली आणता येतो, आणि व्हॉल्यूम खाली आला की हा फेरा तुटतो.

मग स्टुडिओतला गायक कंडेन्सरसमोर वीतभर लांब उभा राहून कसा गातो? कारण त्याच्या खोलीत कूलर नाही, पंखा नाही आणि मुख्य म्हणजे स्पीकरच नाही. संगीत त्याच्या कानातल्या हेडफोनमध्ये चालू असतं. भिंतींना आवाज शोषणारे पॅनेल असतात. नॉयमन कंपनीचा यू ८७ हा १९६७चा माइक जगभरच्या स्टुडिओंचं भूषण झाला तो अशा शांततेत. ती शांतता आपल्या हॉलमध्ये येत नाही, आणि तिच्याशिवाय तो माइक आणून उपयोग नाही. शिवाय अशा कंडेन्सरची जाळी ओठ टेकवण्यासाठी बनवलेलीच नसते. दोन बोटांवर गायलं की प, फ, भ यांच्या वाऱ्याने धपधप आवाज येतो.

मी माझा माइक आईंच्या हातात दिला आणि ओठांशी धरायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "इतक्या जवळ? थुंकी लागते ना त्याले." लागू द्या म्हटलं. जाळी फिरवून काढता येते, आतला फोम कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून परत बसवता येतो. त्या गायल्या. माइकचा व्हॉल्यूम आठवर होता तो तीनवर आणला. शिट्टी गेली. कूलर चालूच होता, पण आवाजाच्या पार खाली गेला होता. शिवाय आईंचा आवाज एरवी थोडा पातळ, तो भरीव झाला. अशा माइकच्या अगदी जवळ गायलं की खर्जाकडचा भाग उठून येतो. बारीक आवाजाला त्याने अंग मिळतं. मुळातच जड आवाज असलेल्या पुरुषांनी मात्र बेसचं बटण थोडं खाली घ्यावं, नाहीतर शब्द गढूळ होतात.

नागपुरात सायंटिफिक सोसायटीच्या सभागृहात कराओकेचे कार्यक्रम ऐकायला मी नेमाने जातो. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. चांगला गळा असलेली माणसं मुखड्यापुरता माइक ओठांशी धरतात आणि अंतरा आला की तो छातीपाशी उतरतो. एक हात लय दाखवायला वर जातो, दुसरा माइकसकट खाली. मागे बसलेला साउंडवाला घाईने व्हॉल्यूम चढवतो आणि पुढच्या ओळीला शिट्टी. वरच्या पट्टीत माइक थोडा लांब न्यायचा, खालच्या सुरात जवळ आणायचा, हा बेत बरोबरच आहे. पण ते लांब म्हणजे चार बोटं. हातभर नव्हे.

याउलट आमच्या तालुक्यातली भजनी मंडळं पाहा. धापेवाड्याला यात्रेच्या वेळी विठ्ठलाच्या देवळापाशी भजनं चालतात. तिथे एकाच माइकवर गाणाऱ्या खेड्यातल्या मंडळींचे शब्द लांबवर स्वच्छ ऐकू येतात, आणि त्यांच्याकडची सामग्री आपल्या घरच्यापेक्षा भारी असते असं नाही. कारण माझ्या मते खंजिरी आहे. तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजन विदर्भात गावोगावी पोहोचवलं, आणि खंजिरी वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. पेटीवाल्याचेही तेच. म्हणून माइक स्टँडवर जातो आणि माणूस मान पुढे करून तोंड माइकपाशी नेतो. अंतर एकदा ठरलं की भजन संपेपर्यंत बदलत नाही. तेव्हा घरच्या कराओकेवाल्यांना माझं सांगणं आहे, की पहिले काही महिने माइक हातात घेऊच नका. एक साधा तिपाई स्टँड घ्या, उंची ओठांच्या रेषेत लावा, माइक किंचित तिरपा करा म्हणजे फुंकर थेट जाळीवर येणार नाही, आणि हात मोकळे सोडून गा. महिनाभरात फरक तुमचा तुम्हालाच ऐकू येईल.

अंतरानंतर दिशा. आपल्याला हवा तो माइक समोरचं ऐकणारा आणि पाठीमागचं टाळणारा. त्याला कार्डिऑइड म्हणतात, कारण त्याच्या ऐकण्याचा नकाशा कागदावर काढला तर हृदयाच्या आकाराचा येतो. असा गुण आणण्यासाठी पूर्वी एकाच डब्यात दोन वेगळ्या जातीचे माइक बसवून त्यांचे सिग्नल एकत्र करत. शुअर कंपनीचे इंजिनिअर बेंजामिन बाउअर यांनी १९३९मध्ये तेच काम एकाच पडद्यावर करून दाखवलं. त्या माइकचं नाव युनिडाइन. आज आपण हातात धरतो त्या जवळपास प्रत्येक डायनॅमिक माइकमध्ये त्यांचीच कल्पना आहे.

ती डोळ्यांनी पाहता येते. माइकची जाळी फिरवून काढा. आत गोल कॅप्सूल दिसेल. तिच्या तोंडाच्या थोडं खाली, कडेने बारीक फटी असतात. मागून येणारा आवाज या फटींतून पडद्याच्या पाठीमागे पोहोचतो. वाटेत कापडाचा किंवा जाळीचा अडथळा असतो, तो त्याला नेमका तेवढा उशीर करतो, जेवढा उशीर बाहेरून वळसा घालून पडद्याच्या तोंडाशी यायला लागतो. मग पुढून आणि मागून एकाच क्षणी सारखाच दाब पडतो आणि पडदा हलत नाही. मागचा आवाज असा जागीच विरतो.

आता विचार करा, माइकचं डोकं मुठीत धरून गाणारे काय करतात. ते या फटी बुजवतात. फटी बुजल्या की माइक चहूकडचं सारखंच ऐकू लागतो आणि शिट्टी येते. शिट्टी आली की घाबरून मूठ आणखी आवळली जाते. लहान मुलांना हे आधी सांगा : धरायचं दांड्याला, जाळीला नाही.

दिशेवरूनच स्पीकरची जागा ठरते. कार्डिऑइड माइकच्या शेपटीची दिशा त्याला सर्वात कमी ऐकू येते. म्हणजे स्पीकर शेपटीच्या बाजूला, गाणाऱ्याच्या समोर असावा. गाणाऱ्याच्या पाठीमागे असला तर तो थेट माइकच्या तोंडात वाजतो. सुपरकार्डिऑइड नावाची आणखी एक जात आहे. ती बाजूचं अधिक टाळते, पण अगदी मागचं थोडं ऐकते. तिची बहिरी जागा तोंडापासून सुमारे १२६ अंशांवर, म्हणजे मागच्या दोन कोपऱ्यांकडे असते, तेव्हा तिथे स्पीकर तिरका ठेवावा लागतो. खोक्यातल्या कागदावर हा नकाशा छापलेला असतो. तो फेकू नका. युगुलगीतासाठी दोन माइक चालू केले की शिट्टीपूर्वी मिळणारी जागा तीन डेसिबलने घटते, चार केले की आणखी तीनने. म्हणून घरात बटणवाला माइक बरा. ज्याची ओळ नाही त्याने बटण बंद करावं.

मग घ्यावा कोणता? माझं उत्तर गेली अनेक वर्षं बदललेलं नाही. तारवाला, डायनॅमिक, कार्डिऑइड. अहुजा कंपनी १९४०पासून लाऊडस्पीकरच्या धंद्यात आहे आणि तिचा एयूडी-१०० सारखा माइक आपल्याकडच्या मंडपांत, देवळांत, शाळांत घासून निघालेला आहे. दुरुस्तीही तालुक्याच्या गावी होते. शुअरचा एसएम५८ हा १९६६पासूनचा, जगभरच्या रंगमंचावरचा माइक. तो उत्तमच. सेनहायझरचा ई८३५ आवाज थोडा उजळ देतो. बेरिंजरचा एक्सएम८५०० खिशाला हलका. पण एका शुअरच्या पैशात अहुजाचे तीन-चार येतात, आणि घरच्या ट्रॉली स्पीकरवर दोघांतला फरक ओळखणं कठीण. तेव्हा अहुजा घ्या आणि उरलेल्या पैशांचा स्टँड आणि चांगली वायर घ्या. शुअरच घ्यायचा असेल तर ओळखीच्या दुकानातून घ्या. नकली माल फार आहे. अस्सल माइक सुमारे ३०० ग्रॅमचा, नकली पुष्कळदा हाताला हलका लागतो.

नागपुरात बर्डीवर दुकानात जाल तेव्हा माइक जोडायला लावा. दोन बोटांवर धरून बोला. बोलता बोलता माइक उलटा करून शेपटीशी बोला. आवाज झपकन पडला पाहिजे. पडला नाही तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, तो माइक ठेवून द्या. मग दांड्यावर बोटं फिरवा, खरखर फार येत असेल तर तोही नको.

वायरीचं थोडक्यात. माइकच्या बाजूला तीन पिनांची कॅनन, स्पीकरच्या बाजूला बहुतेक ट्रॉलींना पी-३८ची जाड पिन. मोबाइलच्या ईपी पिनीची जोडतोड करू नका. पी-३८च्या जोडणीत बाहेरचा गोंगाट रद्द करण्याचा गुण उरत नाही, म्हणून वायर पाच मीटरच्या आत ठेवा आणि पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरजवळून नेऊ नका. पंखा दोनवर ठेवला की घूं आवाज येतो आणि पाचवर ठेवला की थांबतो, अशी तक्रार असेल तर दोष बहुधा रेग्युलेटरचा असतो.

आमच्या वाचकाचा कंडेन्सर वाया गेलेला नाही. स्पीकर बंद करून, हेडफोन लावून आईंचं गाणं रेकॉर्ड करायला तो चांगला आहे, पण दिवाळीनंतर, कूलर उतरवल्यावर. तोवर सिलिका जेलची पुडी घालून डब्यात ठेवायला सांगितला आहे, कारण कूलरची दमट हवा त्या पडद्याला मानवत नाही.

ब्लूटूथ माइकवर तिघांनी विचारलं आहे. तिथे मामला वेगळा आहे. गाण्याचा ट्रॅक मोबाइलवरून ब्लूटूथने स्पीकरला गेला तर हरकत नाही, पण गाणाऱ्याचा आवाज ब्लूटूथने गेला तर तो शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि ताल सुटतो. यावर एक सबंध लेखांक लागेल. आधी एको. पुढच्या आठवड्यापर्यंत आपापल्या ट्रॉलीच्या पाठीमागचं पॅनेल पाहून ठेवा आणि एको, डिले, रिपीट यांतली कोणती बटणं तुमच्याकडे आहेत ते लिहून ठेवा.