सिग्नलला न विचारणारं यंत्र

२ ऑगस्ट १९९९ ला मध्यरात्रीनंतर पश्चिम बंगालमधल्या गैसाल स्थानकात अवध-आसाम एक्सप्रेस आणि ब्रह्मपुत्रा मेल समोरासमोर आदळल्या. अडीचशेहून जास्त माणसं गेली. चुकीच्या रुळावर आलेल्या गाडीला थांबवेल असं वाटेत काहीच नव्हतं.

कोकण रेल्वेच्या बी. राजाराम यांनी अशा टकरी टाळण्यासाठी जे यंत्र पुढे आणलं, त्याचं नाव अँटी-कोलिजन डिव्हाइस, म्हणजेच ‘रक्षा कवच’. एक इंजिनात, एक गार्डच्या डब्यात, एक स्थानकात, एक फाटकावर. प्रत्येकजण उपग्रहावरून आपली जागा काढणार आणि तीनेक किलोमीटरच्या टप्प्यातल्या भाईबंदांशी रेडिओवर बोलणार. मध्ये नियंत्रण कक्ष नाही, सिग्नलच्या तारांशी संबंध नाही. दोन इंजिनं एकाच रुळावर, तोंडं एकमेकांकडे, असं दिसलं की ब्रेक आपोआप लागणार. ड्रायव्हरला किंवा स्टेशनमास्तरला धोका दिसला तर त्यांच्यासाठी वेगळं बटण. ते दाबलं की आसपासच्या गाड्या थांबाव्यात, अशी योजना.

खरी मेख ‘एकाच रुळावर’ या दोन शब्दांत आहे. शेजारशेजारच्या दोन रुळांच्या मध्यांत अंतर पाचेक मीटरचं, आणि उपग्रहावरून काढलेली जागा तेवढ्यानं सहज चुकते. राजाराम यांची तोड मला फार आवडते: गाडी सांध्यावरून दुसऱ्या रुळावर जाताना तिची दिशा किंचित वळते. ही वळणं यंत्रानं मोजत राहायची आणि त्यावरून आपण कोणत्या रुळावर आहोत हे ओळखायचं.

एकेरी मार्गावर हे गणित सोपं. चार-सहा रुळांच्या यार्डात मात्र हिशेब एकदा चुकला की शेजारून निघालेली गाडी यंत्राला समोरून आल्यासारखी वाटते आणि ब्रेक लागतो. विनाकारण थांबवणाऱ्या यंत्रावर ड्रायव्हर किती दिवस भरवसा ठेवणार? ईशान्य सीमा रेल्वेवर ते मोठ्या प्रमाणावर बसवलं गेलं, पण देशभर पसरलं नाही. टकरी टाळणाऱ्या आजच्या ‘कवच’ या वेगळ्या यंत्रणेनं अंदाजाचा भाग काढून टाकला. स्लीपरवर बसवलेले आरएफआयडी टॅग इंजिनाला जागा आणि रूळ सांगतात, आणि पुढे किती अंतर जाता येईल हे स्थानकाच्या इंटरलॉकिंगकडून कळतं. मार्ग योग्यच, पण खर्च आणि खटाटोप वाढला. सिग्नलांवाचून चालणारं स्वस्त यंत्र ही राजाराम यांची मूळ हौस त्यात उरली नाही.

दोन्ही यंत्रांना कोकणातला एक शत्रू मात्र ओळखता येत नाही. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून जास्त प्रवासी दगावले. समोर दुसरी गाडी नव्हती. दगडाकडे रेडिओ नसतो. तिथे उतार कापणं, जाळ्या ठोकणं, रुळांवर गस्त घालणं आणि पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालवणं, हीच कामं करावी लागतात.